घाटात घड्याळ काय सांगणार?

पहिल्या हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलेल्या माणसाला लोक तीनच गोष्टी विचारतात. बूट कुठले घेतलेस, गुडघ्यांचं काय, आणि टार्गेट किती? पहिल्या दोन प्रश्नांना दुकानदार आणि डॉक्टर उत्तर देतात. तिसऱ्याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं, आणि बहुतेक जण ते फारसा विचार न करता देऊन टाकतात: दोन तास. का, तर आकडा गोल आहे. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. हा आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस पहिल्या आठवड्यापासूनच तो मनगटावरच्या घड्याळात शोधायला लागतो, आणि सापडला नाही की आपलं काहीतरी चुकतंय असं समजून अजून जोरात पळतो.

माझं नाव सातारा हिल हाफ मॅरेथॉनला आहे. २०१२पासून होणारी ही शर्यत शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि तोच घाट उतरून परत येते. आयुष्यातली पहिली हाफ घाटात पळावी का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. सराव कोणत्या वेगानं करावा, यावरही दोन आहेत. ही दोन्ही मतं एकाच घरात राहतात. एक माझे मामा: निवृत्त क्रीडाशिक्षक, तरुणपणी ८०० आणि १५०० मीटर पळलेले, गळ्यातलं स्टॉपवॉच सुटलं तरी शिट्टीची सवय न सुटलेले. दुसरी त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, म्हणजे ताई: फिजिओथेरपिस्ट, स्वतः घाट पळलेली. मी त्रेचाळीस वर्षांचा बँक कर्मचारी. रविवारी संध्याकाळी या दोघांच्या मधे बसलो होतो, आणि माझ्याच पायांबद्दल चाललेल्या चर्चेत मला फारसं कुणी विचारत नव्हतं.

ताई: आधी सांग, पाच किलोमीटर जीव तोडून पळालास तर किती लागतात?

बत्तीस मिनिटं, मी म्हणालो. स्टेडियमच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या.

ताई: मग दोन तास डोक्यातून काढ. पीट रीगल म्हणून एक अमेरिकन इंजिनिअर होता. त्यानं १९७७मध्ये एक सूत्र मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीवर थांबत नाही, साधारण २.०८ पट होतो. त्या हिशेबानं तुझ्या बत्तीस मिनिटांचे एकवीस किलोमीटरला दोन तास सत्तावीस होतात. किलोमीटरला सात मिनिटं. तेही सपाट रस्त्यावर, आणि तेवढ्या अंतराची पायांना सवय असेल तर. तुला ती नाही, आणि रस्ताही सपाट नाही.

मामा: सूत्र बरोबर आहे. त्यातनं तू जे काढणार आहेस ते चूक आहे. आता तू म्हणशील, शर्यत सातनं, म्हणून सराव आठनं.

ताई: सव्वाआठनं. पावणेआठ ते साडेआठच्या मधे कुठंही. थकलेला असला तर नऊनं.

मामा: नऊ! अगं, माझ्या वयाची माणसं अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातात, ती दहा-अकरानं चालतात. याला पळायला शिकवतेस की मिरवणुकीत चालायला?

ताई: पळायलाच. पण बाबा, तुम्ही पोरं घडवलीत ती चौदा-पंधरा वर्षांची. खेड्यातली, दिवसभर पायावर असलेली. हा वीस वर्षं काउंटरमागच्या खुर्चीत बसलाय.

मामा: म्हणूनच म्हणतो. वीस वर्षं बसलेल्या माणसाचे पाय झोपलेत. झोपलेल्याला हळूच थोपटलं तर तो उठेल का आणखी गाढ झोपेल? रोज सव्वाआठनं रखडत पळाला तर पाय फरफटत टाकायला शिकेल. टाच आपटेल, कंबर खाली बसेल, पाय जमिनीवर रेंगाळेल. आणि तीच चाल पक्की होईल. शरीर जे रोज करतं तेच त्याला येतं.

ताईनं यावर लगेच उत्तर दिलं नाही. तिच्या बोलण्याची एक पद्धत आहे: मुद्दा मान्य असला की ती तो बाजूला ठेवते, परत करत नाही. चालीबद्दलचा मुद्दा तिनं असाच ठेवून दिला आणि हाडांवर आली.

ताई: दम काही आठवड्यांत वाढतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. हृदय आणि रक्ताभिसरण पटकन शिकतं. स्नायू त्याच्या मागोमाग. पण स्नायूबंध सावकाश बदलतात, त्यांना महिने लागतात. आणि हाड तर उलटंच वागतं. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवं भरतं. म्हणजे मधे काही आठवडे ते आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत माणसाला वाटतं, अरे, दम तर मस्त टिकतोय, वाढवू या वेग! आणि मग तो माझ्याकडे येतो, नडगीवर बोट ठेवून.

मामा: सगळे येतात?

ताई: सगळे नाही. जे येतात ते साधारण अशाच वेळी येतात, आणि वेगाबद्दल विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच असतं: फार जोरात नव्हतो, मध्यमच होतो.

‘मध्यमच होतो’ हे वाक्य ऐकून मामा हसले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच बापलेकीचं एका गोष्टीवर एकमत झालं. वाईट म्हणजे ते माझ्याविरुद्ध झालं. मामांनी माझा फोन मागून घेतला, धावांची नोंद ओळखीच्यांना दाखवणारं स्ट्राव्हा ॲप उघडायला लावलं आणि मागच्या धावा बघितल्या. ६:५०, ६:४५, ७:००, ६:५२. दिवस कुठलाही असो, अंतर तीन किलोमीटर असो की आठ, वेग तोच.

मामा: हे काय आहे? धड हळूही नाही, धड जोरातही नाही. चार दिवसांत चारही वेळा परीक्षाच दिलीस. अभ्यास कधी केलास?

ताई: कारण हे सगळ्यांना दिसतं ना. सव्वाआठ लिहून आलं तर ऑफिसातले लोक काय म्हणतील!

ती बरोबर बोलली. नवशिक्याचा सरावाचा वेग बहुतेक वेळा त्याचा दम ठरवत नाही, इतरांची नजर ठरवते. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून पळताना ओळखीचा कुणी दिसला की पाय आपोआप उचलले जातात, हे मला माहीत आहे, आणि तुम्हालाही असणार. शर्यतीच्या वेगाच्या अगदी जवळचा हा मधला वेग असा असतो की त्यानं घाम भरपूर येतो, समाधान पुरेपूर मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी ना पाय ताजे असतात ना काही नवं शिकलेले. हळू पळायला खरोखर कुणाची हरकत असेल तर ती आपलीच असते.

एकमत मात्र फार टिकलं नाही. मामांनी झाटोपेक काढला.

मामा: एमिल झाटोपेक. हेलसिंकी, १९५२. ज्या ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं, त्याच ऑलिंपिकमध्ये या माणसानं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सोनं घेतली. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदा पळत होता! आणि सराव काय होता? चारशे मीटरचे तुकडे. एकामागून एक, मधे थोडं हळू पळायचं, की पुन्हा चारशे. पहिलीच लांब शर्यत जिंकली ती त्या तुकड्यांवर.

ताई: पहिली मॅरेथॉन होती, पहिलं पळणं नव्हतं बाबा. त्याच्या पायाखाली वर्षानुवर्षांचं अंतर होतं. आदल्याच ऑलिंपिकमध्ये, लंडनला, दहा हजारचं सोनं घेऊन बसलेला माणूस तो.

मामा: बरं, आपल्याकडचा घे. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातला. तीन हजार मीटर स्टीपलचेस पळणारा पोरगा. २०२०मध्ये दिल्लीला हाफ पळाला आणि एक तास तीस सेकंदांत राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद! तीन किलोमीटरचा माणूस एकवीसमध्ये विक्रम करतो, तो कशावर? वेगावर.

ताई: आणि लष्करातल्या सरावावर. पळणं हीच त्याची नोकरी होती. तो जे करतो ते याला करायला सांगणं म्हणजे...

मामा: मी करायला सांगत नाही, दिशा सांगतोय. आधी वेग, मग अंतर.

ताई: आणि मी म्हणते आधी अंतर. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड घ्या. बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याचा पीटर स्नेल ८०० मीटर पळायचा, म्हणजे तुमचीच शर्यत. १९६०ला रोममध्ये ८००चं सोनं, १९६४ला तोक्योत ८०० आणि १५०० दोन्हींचं. आणि तो रविवारी बाकीच्यांबरोबर डोंगरातून पस्तीस किलोमीटर पळायचा. दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी पस्तीस किलोमीटर!

मामा: पळायचा, रखडायचा नाही. लिडियार्डच्या पोरांचा रविवार म्हणजे गप्पा मारत केलेली रपेट नव्हती. ती पोरं चांगली दमदार पळायची. आजकाल लिडियार्डच्या नावावर काहीही आळस खपवतात.

हे मामांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ताईनंही ते नाकारलं नाही. पण लिडियार्डचा दुसराही एक वारसा आहे, तो मामा सोयीनं विसरले होते. ऑकलंडमध्ये त्यानं मध्यमवयीन माणसांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनासुद्धा, सावकाश पळायला लावलं होतं. १९६२च्या अखेरीस अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं गेले. त्यांना अशाच एका गटाबरोबर पळायला नेलं तर त्यांना धाप लागली, आणि सत्तरी ओलांडलेला एक आजोबा त्यांच्यासाठी वेग कमी करून सोबत गप्पा मारत राहिला. ऑलिंपिक खेळाडू घडवणाऱ्या माणसाला आजोबांनी सांभाळून नेलं! बॉवरमन परत गेले ते जॉगिंग अमेरिकेत नेण्याचा निश्चय करूनच, आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. माझी तुलना करायचीच तर ती स्नेलशी नाही, बॉवरमनशीही नाही. त्या आजोबांच्या गटात मला आधी प्रवेश मिळायला हवा.

मामांना मग ताईच्या ऐंशी-वीसवर बोलायचं होतं. सरावातलं ऐंशी टक्के पळणं सावकाश आणि वीस टक्के जोराचं, ही वाटणी आता प्रत्येक पळणाऱ्याच्या तोंडी असते. स्टीफन सायलर या संशोधकानं अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून ती मांडली.

मामा: ती माणसं आठवड्याला दहा-बारा तास सराव करतात. त्यांचे वीस टक्के म्हणजे दोन-अडीच तास. हा आठवड्याला तीन तास पळणार. याचे वीस टक्के म्हणजे छत्तीस मिनिटं. तीही तुला जास्त वाटतात?

ताई: पहिले आठ आठवडे, हो.

मामा: आठ आठवडे नुसतं रखडणं!

ताई: नुसतं नाही. तुम्ही चालीबद्दल बोललात ना, ते मला पटलंय. त्यासाठी मंगळवारी सावकाश पळून झाल्यावर ऐंशी-शंभर मीटरच्या सहा धावा. जोर नाही लावायचा, पाय मोकळे सोडायचे. गुडघा वर, खांदे सैल, पाय अंगाखाली पडला पाहिजे. प्रत्येक धावेनंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत चालत परत. पंधरा-वीस सेकंदांची धाव आहे, हाडांवर फार भार येत नाही, आणि पाय झोपत नाहीत.

मामांनी मान हलवली, पण ‘मला पटलंय’ हे ऐकून आत कुठंतरी ते खूश झाले हे लपलं नाही. मग त्यांनी विचारलं, सावकाश म्हणजे किती सावकाश हे याला कळणार कसं? घड्याळ बघून?

ताई: घड्याळावर नको. हृदयाच्या ठोक्यांवरही नको. २२० वजा वय, नाहीतर २०८ वजा वयाच्या सत्तर टक्के, कुठलंही सूत्र घेतलं तरी त्रेचाळीसाव्या वर्षी कमाल ठोके १७७-१७८च्या घरात येतात. पण या माणसाचा खरा आकडा त्याच्यापेक्षा दहा-बारानं वर असेल की खाली, हे सूत्राला कळत नाही. त्यात पावसात मनगटावरची घड्याळं वाट्टेल ते दाखवतात. बोलता येतंय का, एवढंच बघायचं.

मामा: मी पोरांना पाढे म्हणायला लावायचो. तेरा आणि सतराचा.

ताई: याला सतराचा पाढा येत असेल याची खात्री नाही. मनाचे श्लोक येतात का रे?

सज्जनगड घरातून दिसावा अशा गावात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यासारखा नाही. २०५ नाही, पण पहिले पंचवीस-तीस येतात. मग मला अंगणात उभं केलं आणि जागच्या जागी पळत श्लोक म्हणायला लावलं. सावकाश पळताना एका श्वासात दोन चरण सहज निघत होते, पुढच्या दोन चरणांसाठी श्वास घेतानाही घाई नव्हती. मामांनी टाळ्या वाजवत ताल वाढवला. मग एका श्वासात एकच चरण बसायला लागला, आणि चरणाच्या शेवटच्या अक्षराचा आवाज निम्माच यायला लागला. टाळ्या आणखी वाढल्या तेव्हा श्लोक शब्दाच्या मधोमध तुटला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावून गेलं.

ताई: एका श्वासात दोन चरण, हा तुझा रोजचा वेग. एक चरण म्हणजे शर्यतीच्या आसपास किंवा त्याच्या जरा पुढं. शब्द तुटला म्हणजे बाबांचा वेग. आता सांग, हे सव्वाआठ आहे की पावणेआठ?

मला सांगता येईना. मेमध्ये सकाळी आठनंतर हाच श्वास पावणेनऊ दाखवेल, जुलैत भुरभुर पावसात पावणेआठ. ऊन, दमट हवा, रात्रीची अपुरी झोप यांनी किलोमीटरमागचा आकडा सरकत राहतो. श्लोक सरकत नाही. घड्याळाला मी जी किंमत देत होतो, तिचं कारण मला तिथं अंगणात कळलं: आकडा लोकांना दाखवता येतो, श्वास दाखवता येत नाही.

खरं तर दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. मामांना बघायचं होतं की हा चांगला कसा पळेल. ताईला बघायचं होतं की हा सप्टेंबरमधल्या शर्यतीपर्यंत पळत कसा राहील. पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर जाणाऱ्यासाठी माझ्या मते ताईचा प्रश्न आधीचा आहे. ज्या वेगानं रविवारी पळाल्यावर मंगळवारी पुन्हा पळावंसं वाटतं, तो त्या माणसाचा आजचा योग्य वेग. चार महिन्यांत तो आपोआप सरकेल. मुद्दाम ढकलायची गरज नाही. दोन तासांच्या गोल आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण साताऱ्याच्या शर्यतीत हे सगळं निम्मंच उपयोगी आहे, कारण शहर मागं पडलं की घाटाचा चढ सुरू होतो. इथं भांडणानं अनपेक्षित वळण घेतलं. मला वाटलं होतं, मामा म्हणणार चढावर पळत जा, आणि ताई म्हणणार चाल.

मामा: घाटात चालायला लाजायचं नाही. डोंगरातली माणसं चढ पळत नाहीत, चालतात, हात मांडीवर ठेवून. तीव्र वळणावर हा सव्वानऊनं धडपडत पळेल, आणि त्याच्या शेजारनं एखादी म्हातारी डोक्यावर भारा घेऊन दहानं चालत जाईल. मिनिटाभरासाठी कशाला मरायचं?

ताई: मला वाटलं तुम्ही चालण्याच्या विरोधात आहात.

मामा: सपाटीवरच्या चालण्याच्या. तो आळस. चढावरचं चालणं ही अक्कल.

ताई: मी मात्र त्याला चढावर पळायला लावणार आहे. थोडं, पण जोरात. आठ आठवडे झाले की आठवड्यातून एकदा, चाळीस-पंचेचाळीस सेकंद चढ जोरात, मग चालत खाली. चढावर पाय वरच पडतो, आदळण्याचं अंतर कमी, म्हणून हाडांवरचा आघात कमी. दम पूर्ण लागतो, वेग मात्र फार होत नाही. तुम्हाला हवा तो जोर, मला हवी ती सुरक्षितता.

मामा: म्हणजे शेवटी माझंच करणार.

ताई: जूनच्या अखेरीला. आज नाही.

उरला उतार. पहिल्यांदा पळणाऱ्याला वाटतं की घाट चढून झाला म्हणजे काम झालं. पण उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, अंगाचा भार थोपवत असतात. स्नायूंचे तंतू फाटतात ते यातच. दोन दिवसांनी जिना उतरताना भिंत धरावी लागते ती त्यामुळे. शर्यतीत याचा परिणाम लगेच दिसतो: घाट उतरून शहरात आलेल्या माणसाला सपाट रस्ता मिळतो आणि पाय मात्र लाकडाचे झालेले असतात. यावर उपायही त्याच उतारात आहे. एकदा नीट उतरून स्नायू दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्या उताराला ते आधीसारखे दुखत नाहीत.

ताई: म्हणून उतार जुलैत सुरू करायचा, थोडा थोडा. जूनमध्ये चढून जायचं आणि खाली यायचं ते गाडीवरून.

मामा: शर्यतीत उतरायला स्कूटर देणार आहेत का?

ताई: बाबा...

मामा: नाही, सांग ना. उतार शिकवावा लागतो. हा ब्रेक लावत उतरेल, लांब पाऊल पुढं टाकून, टाचेवर. तेच मांड्या फाडतं. छोटी छोटी पावलं, पटापट, अंग किंचित पुढं, हात थोडे बाजूला. भीती गेली पाहिजे. ती शेवटच्या महिन्यात जात नाही.

ताई: त्याला पहिल्या महिन्यात उतरवलंत तर तो दुसऱ्या महिन्यात माझ्या टेबलावर असेल.

मला इथं मामांची बाजू बळकट वाटली. सावकाश पळणं सपाटीवर जेवढं सांभाळून घेतं तेवढं उतारावर घेत नाही. उतारावर हळू जाण्यासाठीच जास्त जोर लागतो, कारण प्रत्येक पावलाला अंग थोपवावं लागतं. तिथं थोडा वेग सोडणं हेच मांड्यांना हलकं पडतं. मी हे बोलून दाखवलं. ताई म्हणाली, ‘थोडा’ म्हणजे किती, ते कोण ठरवणार? तू?

शेवटी तह झाला तो असा: जूनमध्ये घाटाचा फक्त शेवटचा, सौम्य उताराचा टप्पा, अर्धा किलोमीटर, दर पंधरा दिवसांनी. बाकीचा घाट स्कूटरवरून. जुलैपासून दर वेळी थोडा जास्त. मंगळवारी मोकळ्या धावा, गुरुवारी सावकाश, शनिवारी सुट्टी किंवा चालणं, रविवारी लांबचं, दोन चरणांच्या श्वासानं. लांबचं अंतर सतरा-अठरापर्यंत नेऊन शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे कमी करायचं. मामांनी त्यात हळूच ‘ऑगस्टमध्ये एक चरण, वीस मिनिटं’ असं घुसवलं, आणि ताईनं ते वाचूनही खोडलं नाही.

राहिला शर्यतीच्या दिवसाचा वेग. त्यावर फार वेळ गेला नाही. ठरावीक वेळ धरून पळणाऱ्या पेसरच्या पाठीमागून जी माणसांची ‘बस’ जाते ती घाटाच्या शर्यतीत नवख्याच्या कामाची नाही, कारण चढावर प्रत्येकाचा श्वास वेगळ्या ठिकाणी तुटतो. शहरातले पहिले किलोमीटर इतके सावकाश जा की लाज वाटली पाहिजे, असं ताई म्हणाली. मामा म्हणाले, लाज वाटेल इतकं नाही, कंटाळा येईल इतकं.

ताई: ठीक आहे. जूनमध्ये याच्याबरोबर कोण जाणार? धुक्यात घाटात एकट्याला सोडायचं नाही.

मामा: मी जातो. मागून स्कूटर घेऊन.

ताई: हॉर्न वाजवायचा नाही.

मामा: वळणावर तरी वाजवावा लागेल.

ताई: वळणावर. याच्यामागे नाही.

मामा: आणि शिट्टी?